पाल, कोपी आणि पंचनामा

पुणे-बेंगळूरु महामार्गावरचे उंब्रज हे कराड तालुक्यातले बाजाराचे गाव. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे असल्यामुळे बाहेरगावच्या लोकांनाही ते ठाऊक असते. भूगोलाच्या शिक्षकाला या गावाचे आणखी एक वैशिष्ट्य सांगता येईल. येथे तारळी नदी कृष्णेला मिळते. संगमावरच्या गावाचे पुराचे गणित थोडे वेगळे असते. मोठी नदी दुथडी भरून वाहू लागली की लहान नदीच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते मागे तुंबते. यालाच आपण फुगवटा म्हणतो. म्हणजे लहान नदीच्या खोऱ्यात फारसा पाऊस नसला तरी तिच्या काठाला पाणी चढू शकते.

अशा संगमावरच्या एखाद्या गावात ऑगस्टमधली एक रात्र आहे असे समजू. वरच्या धरणांतून पाणी सोडल्याचा निरोप आला आहे. तलाठी आणि ग्रामसेवक नदीकाठच्या घरांची यादी काढतात. यादीत घर क्रमांक, कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसांची आणि जनावरांची संख्या असते. त्या यादीप्रमाणे एकेका घराला उठवून लोकांना शाळेत हलवले जाते. आता असेही समजू, की त्याच काठावर आदल्या आठवड्यात चार पाले पडली आहेत. पालाला घर क्रमांक नसतो. त्यामुळे ती चार कुटुंबे यादीत नाहीत. कोणाला आठवण झाली म्हणून, किंवा कोणाच्या बॅटरीचा उजेड तिकडे पडला म्हणून ती वाचतीलही. पण ती नशिबाने वाचली असे म्हणावे लागेल, नियोजनाने नव्हे.

आपत्तीचे आपले सारे नियोजन घर हा एकक धरून झाले आहे. हे असे का झाले, आणि ज्यांना घरच नाही त्यांचे या नियोजनात दीडशे वर्षांत काय झाले, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. त्यासाठी सातारा-सांगली भागापासून फार लांब जावे लागत नाही.

भटकणारा माणूस हे लक्षण

इ. स. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनचे जिल्हे होरपळून निघाले. सातारा त्यांतलाच एक. सरकारने खडी फोडणे, रस्ते बांधणे, तलाव खोदणे अशी कामे काढली. खर्च कमी राहावा म्हणून सर रिचर्ड टेम्पल यांनी मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे असे प्रमाण ठरवले. याखेरीज 'अंतराची कसोटी' नावाचा एक नियम होता. काम घरापासून दहा मैलांपलीकडे द्यायचे, म्हणजे खरा गरजू असेल तोच येईल, असा त्यामागचा तर्क.

या तर्काचा परिणाम काय झाला असेल याचा विचार करा. ज्याला अजून घर होते त्याला मदत मिळवण्यासाठी घर सोडावे लागले. कामाच्या जागी तो उघड्यावर किंवा तात्पुरत्या छपराखाली राहू लागला. दुष्काळाने अर्धपोटी झालेली माणसे दाटीने एकत्र आली, पिण्याचे पाणी दूषित झाले, की पटकी पसरते. दुष्काळातले बरेच मृत्यू भुकेने नव्हे, तर पटकी, हगवण आणि हिवताप यांनी होतात. मदतीच्या योजनेनेच माणसांना बेघर केले आणि बेघर झाल्यामुळे ती रोगाच्या तोंडी गेली.

पुण्याची सार्वजनिक सभा त्या काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे पाठवत होती. मजुरी कमी केल्यावर लोकांनी कामे सोडून दिली, तेव्हा त्यांची बाजू सभेने मांडली. सत्यशोधक समाजाने १८७७ साली पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालवला. त्याच्या मदतीसाठी जोतीराव फुले यांनी पत्रक काढले होते. फुल्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. दुष्काळ म्हणजे काय हे त्या मातीला सांगावे लागत नाही.

१८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून पुढे प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. आपल्याकडचे हे पहिले लेखी आपत्ती-नियोजन म्हणता येईल. दुष्काळ पडण्यापूर्वी त्याची चाहूल कशी ओळखावी हे त्यात सांगितले होते. धान्याचे भाव चढणे, सावकारांनी हात आखडता घेणे, चोऱ्या वाढणे आणि माणसे निरुद्देश भटकू लागणे, ही ती लक्षणे. पर्जन्यमापकात पाणी किती साठले ते पाहावे, तशी रस्त्यावरची माणसे पाहायची. कल्पना शास्त्रीय होती आणि उपयोगीही. पण तिच्यातली एक गोष्ट लक्षात घ्या. भटकणारा माणूस येथे लक्षण म्हणून मोजला जातो. ताप मोजून वैद्याने निघून जावे तसा हा प्रकार. त्या माणसासाठी योजना होती ती 'पुअर हाऊस' नावाच्या बंदिस्त छावणीची. तेथे जाणे लोकांना अपमानाचे वाटे आणि ते शक्य तितके टाळत.

या चुकीचे उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि ते उत्तर सांगली जिल्ह्यातून आले. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी गावातच काम मागण्याचा हक्क असावा अशी कल्पना मांडली. १९७२-७३ च्या दुष्काळात ती राज्यभर वापरली गेली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील माणसांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. काम शक्यतो गावाजवळ द्यायचे, हे त्याचे सूत्र अंतराच्या कसोटीच्या नेमके उलट होते. माणूस बेघर होऊ नये, यासाठी केलेले नियोजन हे बेघरांसाठीचे सर्वांत चांगले नियोजन असते. पण जो आधीपासून बेघर आहे त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

घर सोडणे हाच उपाय

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच तो दख्खनभर पसरला. सातारा जिल्ह्याला त्याचा वारंवार फटका बसला. उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून माळावर किंवा शेतात झोपड्या घालून राहायचे, ही रीत पडली. लोकांना रोगाचे कारण ठाऊक नव्हते, पण हा उपाय लागू पडतो हे त्यांनी अनुभवाने जाणले.

कारण नंतर कळले. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली प्रयोग करून दाखवले की प्लेगचे जंतू उंदरावरच्या पिसवा पसरवतात. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा दुसरे उष्ण रक्त शोधतात. धान्याच्या कणग्या, मातीच्या भिंतींतली बिळे, अंधाऱ्या खोल्या असे आपले जुने घर म्हणजे उंदरांची वसाहतच. माळावरच्या ताज्या झोपडीत ना साठवलेले धान्य, ना जुनी बिळे. म्हणून तेथे प्लेग कमी.

म्हणजे एका अख्ख्या गावाने काही महिने बेघर व्हायचे आणि त्यामुळेच वाचायचे, असा हा विलक्षण अनुभव होता. मात्र ज्याचे शेत त्याची झोपडी शेतात पडणार. ज्याला शेतच नाही त्याने कोणाच्या जागेत झोपडी घालायची? गायरान, ओढ्याकाठ, रस्त्याकडेची पड जमीन, एवढेच त्याच्यासाठी उरते. आजही पाले याच जागांवर दिसतात. आपत्तीत कोण कोठे जाऊ शकतो हे जमिनीच्या मालकीवर ठरते, हा धडा प्लेगने दिला होता.

जड घर, हलके घर

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली आणि दोन हजारांहून अधिक जखमी झाली. कराड, पाटण, सातारा हा सारा भाग हादरला. पुढे कित्येक दिवस धक्के बसत राहिले आणि डिसेंबरच्या थंडीत लोक घराबाहेर झोपू लागले.

भूकंपात माणसाला जमीन मारत नाही, घर मारते. वर्गात हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने समजावता येते. जमीन हलली की घरावर येणारे बल घराच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. दगड-मातीची साठ सेंटिमीटर जाडीची, तीन मीटर उंचीची भिंत घ्या. तिच्या एक मीटर लांबीच्या तुकड्याचे घनफळ १.८ घनमीटर भरते आणि वजन चार टनांच्या आसपास. मातीच्या सांध्यात ताण सोसण्याची ताकद जवळजवळ नसते. एवढे वजन आडवे हलू लागले की दगड सुटे होतात. याउलट कामट्या, बांबू आणि उसाचे पाचट यांची कोपी, किंवा दोन काठ्यांवर टाकलेले पाल. त्यांचे वजन इतके कमी, की पडले तरी आतल्या माणसाला फार तर खरचटेल.

१९९३ साली हाच धडा आणखी मोठी किंमत देऊन मिळाला. ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला. जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद यांखाली सुमारे आठ हजार माणसे गेली.

त्यानंतर जे पुनर्वसन झाले, त्यातून राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्याचाही पाया घातला गेला. नव्या घरांचे माप मात्र कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि त्याहून मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फूट. भूमिहीनालाही घर मिळाले ही या योजनेची जमेची बाजू नाकारता येणार नाही. पण मदत मोजण्याची फूटपट्टी आपत्तीपूर्वीच्या मालमत्तेची असते, हे येथे आकड्यांत दिसते. ज्याच्याकडे आधी शून्य होते त्याचे गणित या फूटपट्टीने कसे मांडायचे?

पुरात हिशोब उलटतो

प्लेग आणि भूकंप यांत हलके घर तारक ठरले. पुरात ते उलटे होते. पालातला माणूस जमिनीवर झोपतो, म्हणून चढणारे पाणी आधी त्याला गाठते. त्याला वरचा मजला नाही, माळा नाही. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. वेगाने वाहणारे गुडघाभर पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकते. पालाच्या दोन काठ्या काय टिकणार!

पूर्वी यावर एक उपाय होता, तो म्हणजे दिनदर्शिका. माण, खटाव, फलटण भागातले मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरे घेऊन पश्चिमेकडे, थेट कोकणापर्यंत उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी आपल्या कमी पावसाच्या मुलखात परततात. बीड-नगरकडच्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर येतात आणि उन्हाळ्यात पट्टा पडला की गावी जातात. वीटभट्ट्याही पावसाळ्यात बंद असतात. भटक्या जमातींतल्या अनेकांचा पावसाळ्यात एका जागी मुक्काम करण्याचा प्रघात होता. हे सारे पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवातून घडलेले आपत्ती-नियोजनच आहे, फक्त ते कागदावर नाही.

आता ही दिनदर्शिका चुकू लागली आहे. १ आणि २ डिसेंबर २०२१ रोजी पुणे-नगर भागात अवकाळी थंड पाऊस झाला आणि माळावर बसलेली हजारो मेंढरे गारठून मेली. मेंढरांना जे झाले, तेच राखणीला उघड्यावर बसलेल्या माणसांनीही सोसले. थंडीत दुसरे संकट आगीचे. पाचटाची कोपी भूकंपात सुरक्षित खरी, पण चुलीतली एक ठिणगी तिला पुरेशी असते, आणि कोप्या एकमेकींना चिकटून असतील तर आग थांबत नाही. कोणतेही घर सर्व संकटांत सुरक्षित नसते. पक्क्या घराच्या माणसाला एका संकटातून सुटल्यावर परतायला जागा असते, एवढा फरक.

कृष्णेच्या अलीकडच्या पुरांची सांगलीतली मोजदाद सर्वांना परिचित आहे. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका समजतात. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ साली ५७ फुटांच्या वर. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गेली. नदीची उंची आपण फूट-इंचांत सांगू शकतो, पावसाचा मिलिमीटर सांगू शकतो. पण त्या रात्री नदीकाठी उघड्यावर किती माणसे होती, हा आकडा कोणत्याही फलकावर नसतो.

पंचनाम्याला घर लागते

पाणी ओसरले की पंचनामे सुरू होतात. येथे बेघराची दुसऱ्यांदा गाठ यादीशी पडते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत 'झोपडी' हा प्रकार आहे. गवत, माती, प्लॅस्टिक यांची तात्पुरती रचना, अशी तिची व्याख्या. ती वाचून पालाची आठवण होते. पण मदतीसाठी पडलेले घर अधिकृत बांधकाम असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला हवा, अशी अटही त्याच निकषांत आहे. कपडे आणि भांडी वाहून गेल्याची मदतही घराशीच बांधलेली. घर पूर्ण पडले, वाहून गेले किंवा काही काळ पाण्याखाली राहिले, तर ती मिळते. पालातल्या बाईची भांडी वाहून गेली तर ती कोणत्या घरातून वाहून गेली हे आधी सिद्ध करायचे!

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ साली झाला. मदत छावणीत निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांची किमान मानके ठरवावीत, विधवा आणि अनाथ यांची खास सोय करावी, असे त्यात आहे. लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून मदतीत भेदभाव करू नये, असेही त्याचे ६१ वे कलम सांगते. बेघर हा शब्द या दोन्ही कलमांत नाही. शहरांपुरती एक तरतूद वेगळ्या वाटेने आली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधल्या आदेशांनंतर शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायम निवारा, असे सूत्र ठरले आणि २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ते घेतले गेले. पण ग्रामपंचायतीच्या गावाला 'नागरी' योजना लागत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर माणसे नोंदली गेली, त्यांतली ८ लाख ३५ हजारांच्या आसपास ग्रामीण भागातली होती. महाराष्ट्राचा आकडा २ लाखांच्या वर होता.

हा केवळ आपल्या कारभाराचा दोष आहे असेही नाही. २०१९ साली सांगलीत महापूर येऊन गेल्यावर दोनच महिन्यांनी जपानमध्ये हागिबिस नावाचे प्रचंड वादळ आले. आपत्ती-नियोजनात जपानचा हात धरणारा देश विरळा. त्या वादळात टोकियोच्या ताइतो विभागातल्या एका प्राथमिक शाळेत निवारा उघडला होता. तेथे आलेल्या दोन बेघर माणसांना परत पाठवण्यात आले. कारण त्यांना त्या विभागातला पत्ता नव्हता. यावर देशभर टीका झाली, प्रश्न संसदेत गेला आणि विभागाच्या प्रमुखांनी माफी मागितली. दारात अडवणाऱ्या कर्मचाऱ्याकडे दुष्टपणा होता असे मानण्याचे कारण नाही. त्याच्याकडे अर्ज होता, आणि अर्जात पत्त्याचा रकाना होता.

यादीची भीती

मग बेघरांचीही यादी करावी, एवढे उत्तर पुरेसे आहे का? येथे इतिहास सावध करतो. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. १९११ साली तो सुधारून मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्यानंतर अनेक भटक्या जमातींच्या नोंदी झाल्या, हजेऱ्या सुरू झाल्या, काहींना तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत ठेवले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा संपला, पण संशय संपला नाही. फलटण तालुक्यात वाढलेल्या लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनाने पालावरचे जगणे मराठी वाचकांपुढे आणले, तेव्हा स्वातंत्र्याला तेहतीस वर्षे झाली होती.

ज्यांच्या आजोबांना यादीमुळे रोज चावडीवर हजेरी द्यावी लागली, ती माणसे आज यादी करणारा दिसला की पाल हलवतील. त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून यादी कोण करतो, कशासाठी करतो आणि नंतर तिचे काय होते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे यादी करण्यापूर्वी द्यावी लागतात. संकटासाठीच्या यादीत नावांची गरज फारशी नसते. ठिकाण, माणसांची संख्या, लहान मुले, गरोदर बाया, म्हातारी आणि आजारी माणसे, जनावरे आणि निरोप पोचवण्यासाठी मुकादमाचा किंवा एखाद्या जाणत्याचा मोबाईल क्रमांक, एवढे पुरते. मुक्काम हलला की कागद फाडून टाकावा, हेही सांगून टाकावे.

शिक्षकाचा संबंध

या सगळ्यात शिक्षकाचा संबंध कोठे येतो, असे वाचकांना वाटेल. संबंध दोन ठिकाणी येतो. गावात पूर आला की निवारा उघडतो तो बहुधा शाळेत. आणि जनगणनेचा प्रगणक असतो तो बहुधा शिक्षक. २०११ साली २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरच्या बेघरांची गणना झाली. रस्त्याकडेला, सिमेंटच्या मोठ्या नळांत, पुलांखाली, देवळांच्या मंडपात, फलाटांवर झोपलेल्या माणसांपर्यंत प्रगणक चालत गेले. शासनाच्या दृष्टीने दहा वर्षांतून एकदा, एका रात्रीपुरता, बेघर माणूस यादीत येतो, आणि त्या रात्री लेखणी पुष्कळदा शिक्षकाच्या हातात असते. त्याखेरीज ऊसतोड आणि वीटभट्टीच्या मुलांना शाळेत बसवताना, त्यांची शिक्षण हमी कार्डे तपासताना, गावात कोण कधी आले आणि कोण गेले हे शाळेला ग्रामपंचायतीच्या आधी कळलेले असते.

म्हणून सातवी-आठवीच्या वर्गाला करता येईल असा एक उपक्रम सुचवावासा वाटतो. एका मोठ्या कागदावर आडवे बारा रकाने आखा, एकेका महिन्याचे. उभ्या ओळींत आपल्या गावात येऊन-जाऊन राहणारे लोक लिहा: ऊसतोड टोळी, वीटभट्टीचे मजूर, मेंढपाळ, पालावरची कुटुंबे, रस्त्याच्या किंवा पुलाच्या कामावरचे मजूर, एसटी स्टँडवर झोपणारी एकटी माणसे. ते ज्या महिन्यांत गावात असतात ते रकाने रंगवा. मग त्याच महिन्यांच्या वर पूर, वीज पडणे, थंडी, आग, उष्म्याची लाट यांच्या खुणा करा. जेथे खूण आणि रंग एकत्र येतात ते तुमच्या गावाचे धोक्याचे रकाने. भूकंपाला महिना नसतो हेही मुलांच्या लक्षात आणून द्या.

त्यानंतर मुलांना चार प्रश्न विचारा. या लोकांना इशारा कोण आणि कसा देणार? मोबाईलवरचा संदेश पुरेसा आहे, की पालावर फोन चार्ज करायला वीजच नाही? ते जातील ती उंचावरची जागा कोणती, आणि तेथे गाढवे, मेंढरे, कोंबड्या नेता येतील का? (जनावरे मागे टाकून कोणी येत नाही, कारण ती त्यांची सारी मिळकत असते.) शाळेच्या दारात नाव लिहिताना पत्ता नसेल तर त्या रकान्यात काय लिहायचे? आणि पाणी ओसरल्यावर त्यांच्या भांड्याकुंड्यांचा पंचनामा व्हावा म्हणून ग्रामसभेत आधीच ठराव करता येईल का?

मुलांनी केलेला हा तक्ता ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पावसाळ्यापूर्वी लावता आला तर उत्तमच. नाही जमले, तर शाळेच्या भिंतीवर तरी लावावा. निवारा तेथेच उघडणार आहे. त्या रात्री दार उघडणाऱ्या माणसाच्या समोर तो असेल, आणि पत्त्याच्या रकान्यात 'संगमावरचे पाल' असे लिहून तो पुढच्या माणसाला आत घेईल.